डब्यातला मावळा

जून संपला की मला येणाऱ्या पत्रांत ‘चिकट’ हा शब्द वाढतो. या खेपेला तर पत्रांमागून पत्रं तेलरंगाचीच आली, म्हणून मिक्सरच्या भांड्याचा आणि गळक्या सिस्टर्नचा प्रश्न पुढच्या अंकावर टाकलाय. त्या दोघांनी रागावू नये.

ताई, दिवाळीच्या किल्ल्यासाठी यंदा बारा मावळे रंगवायला घेतलेत. रेझिनचे, दोन-सव्वादोन इंची. खाली अॅक्रिलिक, वर तेलरंग. धूळ बसू नये म्हणून तांदळाच्या हवाबंद डब्यात ठेवले आणि आत सिलिका जेलच्या पुड्या टाकल्या. अकरा दिवस झाले तरी बोट लावलं की ठसा उठतो. सिलिका जेल कमी पडतंय का? वाळवायची पेटी घरी करता येईल का? — एक वाचक, काळाचौकी

सिलिका जेलच्या पुड्या बाहेर काढा आणि त्या डब्यात परत तांदूळ भरा. त्याचा तोच उपयोग.

तुम्ही काळाचौकीचे, म्हणजे गणपतीचे कारखाने तुमच्या उंबऱ्यावर. पावसाळ्यात मूर्तींवर मोठाले दिवे आणि पंखे सोडलेले लहानपणापासून पाहिले असतील. शाडू वाळते म्हणजे तिच्यातलं पाणी निघून जातं. दोरीवरचा टॉवेल वाळतो तोही तसाच. त्यामुळे ‘वाळणं म्हणजे ओल जाणं’ हे आपल्या डोक्यात पक्कं बसलेलं असतं. तेलरंगात मुळात पाणीच नाही, मग सिलिका जेल शोषणार काय? त्यातलं जवसाचं तेल हवेतला प्राणवायू घेतं आणि आतल्या आत गुंफत जाऊन घट्ट होतं. वाळताना या तेलाचं वजन कमी होत नाही, उलट वाढतं. आयटीआयत इलेक्ट्रिशियन ट्रेडच्या पोरांना मी हे सांगायची तेव्हा एकाने विचारलं होतं, ‘मॅडम, म्हणजे रंग जेवतो?’ जेवतोच म्हणा.

आता तुम्ही म्हणाल, हवाबंद डब्यात प्राणवायू संपला असेल. तसंही नाही. पाच लिटरच्या डब्यातली हवा बारा मावळ्यांवरच्या चिमूटभर रंगाला भरपूर झाली. अडलंय दुसरीकडे. रंग पातळ करायला घातलेल्या टर्पेंटाइनची वाफ आतच कोंडून राहिली आणि ती रंगाला मऊ ठेवते. आत ऊब नाही. आणि अंधार आहे. उजेडात तेल लवकर धरतं. अंधारात ते सावकाश धरतं आणि वर पिवळटही पडतं. तेव्हा पेटी हवी ती कोरडी किंवा बंद नव्हे, तर उबदार, उजेडाची आणि आतली हवा हलती राहील अशी. धूळ मात्र आत येता कामा नये.

माझी पेटी खाद्यतेलाच्या पंधरा किलोच्या डब्याची आहे. कोपऱ्यावरच्या वाण्याकडे रिकामा मिळतो. साधारण नऊ इंच चौकोनी, चौदा इंच उंच, वर झाकणाचं गोल तोंड. वॉशिंग सोडा आणि कढत पाण्याने दोनदा धुवा, नाहीतर दिवा लागला की घरभर जुन्या भज्यांचा वास सुटतो. समोरची बाजू कापून दार करायचं. पत्रा स्वतः कापू नका. पेट्या-डबे करणाऱ्याकडे न्या, तो कडा दुमडून आणि दोन बिजागऱ्या लावून देईल. मी हट्टाने घरी कापला आणि अंगठ्याला तीन टाके पडले. दाराच्या मधोमध वहीएवढी खिडकी कापून आतून काच बसवून घेतलीत तर दार न उघडता बघता येतं. नाहीतर दर दहा मिनिटांनी उघडाल, मला माहीत आहे.

तळाशी चिनीमातीचा होल्डर आणि त्यात ४० वॉटचा तारेचा दिवा. बॅकेलाइटचा होल्डर स्वस्त असतो, पण सतत गरम राहून तडकतो. तारेचे दिवे आता गल्लीत सहज मिळत नाहीत. लोहार चाळीत विचारा, तिथे अजून निघतात. दिव्याच्या वर चार बोटांवर पत्र्याची आडवी पट्टी टाका, चारी बाजूंनी बोटभर फट सोडून, म्हणजे दिव्याची थेट झळ मावळ्यांना लागणार नाही आणि गरम हवा कडांनी वर येईल. उजेडही त्याच फटींतून वर येतो, डब्याचा पत्रा आतून चकचकीत असतो त्यामुळे तेवढा पुरतो. पट्टीच्या वर तीन-चार इंचांवर पापड भाजायची जाळी. ती या डब्यात अशी बसते की जणू त्याच्यासाठीच केली असावी. मावळे औषधाच्या बाटल्यांच्या बुचांवर चिकटवून जाळीवर उभे करा. सहा एका वेळी, दाटी नको.

हवेसाठी तळाजवळ दोन्ही बाजूंना पाच-पाच भोकं, पेन्सिल जाईल एवढी. वरचं गोल तोंड उघडं ठेवायचं, तीच चिमणी. गरम हवा वरून निघते, तिच्या जागी खालून ताजी येते. पंखा लागत नाही. भोकांवर आणि तोंडावर जुन्या धोतराचं मलमल बाहेरून ताणून बांधा. बाहेरून म्हटलंय, आतून नव्हे. आत दिवा आहे.

वायरिंगबद्दल मात्र मी मॅडम होऊनच बोलणार. डबा पत्र्याचा आहे. आतली वायर कुठे सोलली गेली की अख्खा डबा जिवंत होतो. म्हणून तीन पिनांचा प्लग, तीन तारांची केबल, आणि हिरवी-पिवळी तार रिंग लावून डब्याला स्क्रूने घट्ट आवळलेली. स्क्रूखालचा रंग किंवा वार्निश खरवडून पत्रा उघडा करा, नाहीतर अर्थिंग नुसतं दिसायला. केबल आत जाते त्या भोकाला रबरी ग्रोमेट, म्हणजे कडेला बसणारं कडं. बटण डब्याच्या बाहेर. यातलं एकही जमत नसेल तर वायरमनला बोलवा आणि त्याला चहा पाजा.

डबा तयार झाला की आधी रिकामाच दोन तास चालवा, आत जाळीवर थर्मामीटर ठेवून. चाळीस अंश हवेत. बाहेर २८ असताना माझ्या डब्यात ४० वॉटला ४१ पर्यंत जातं. मे महिन्यात तोच दिवा ४६ च्या पुढे नेतो, तेव्हा मी २५ वॉटचा लावते. या हिशेबात पावसाळ्याचाही बंदोबस्त होतो. २८ अंशांची ८५ टक्के दमट हवा तापून ४० अंशांवर गेली की तिचा दमटपणा ४३-४४ टक्क्यांवर येतो, पाण्याचा एक थेंबही न काढता. बिलाची काळजी नको. दिवसभर आणि रात्रभर जाळलात तरी युनिट पुरं होत नाही, ०.९६ होतं. पण रात्री जाळू नका. घरात जागा माणूस असेल तेव्हाच दिवा लावायचा.

‘चाळीसच का, साठ केलं तर लवकर होईल ना’ असं मनात आलंच असेल. माझ्याही आलं होतं. पहिली पेटी मी पुठ्ठ्याच्या खोक्याची केली, आत १०० वॉटचा दिवा, आणि भाजी आणायला भाजी गल्लीत गेले. परत येऊन बघते तर खोक्याची एक कड चहाच्या रंगाची झालेली. आत प्लॅस्टिकच्या मावळ्याचा भाला मधून वाकून जमिनीला टेकलेला, आणि मावळा ताठ उभा. रंग मात्र ओलाच होता! तो मावळा अजून कपाटात आहे, पोरं त्याला ‘शरण आलेला’ म्हणतात. ओतीव प्लॅस्टिक तसं बऱ्यापैकी उष्णता सोसतं, पण दिव्याच्या तोंडाशी नाही. थ्री-डी प्रिंटरवरचं पीएलए प्लॅस्टिक तर साठ अंशांच्या आसपासच लोळतं. तुमच्या रेझिनच्या तलवारी आणि भाले काडीएवढे असणार, त्यांना चाळीसच बरे.

आणखी एक. टर्पेंटाइन लावून लगेच मावळा डब्यात ठेवायचा नाही. आधी दोन तास बाहेर, खिडकीपाशी, वर जाळीचं झाकण पालथं घालून. टर्पेंटाइनची वाफ पस्तीसएक अंशांलाच पेट घेण्याजोगी होते. आपला डबा त्याहून गरम आहे आणि आत दिवा आहे. वास पुरता गेला की मगच आत.

आता तुमचे बारा मावळे. कुठला रंग कुठे लावलाय ते लिहिलं नाहीत, पण मावळा म्हटला की अंगरखा पांढरा असणारच. सगळ्यात जास्त चिकटत असेल तोच. टिटॅनियम पांढरा मुळात सावकाश वाळतो, आणि पिवळा पडू नये म्हणून तो बऱ्याचदा जवसाऐवजी करडईच्या तेलात घोटलेला असतो, ते त्याहून सावकाश. दाढी-मिशांचा काळाही रेंगाळतो. उलट बर्न्ट अंबर, म्हणजे मातीपासूनचा तपकिरी बघा, एका रात्रीत कोरडा. त्या मातीत मँगनीज असतं, ते तेलाला घाई करतं. म्हणून मी मिशांना काळा लावतच नाही, अंबरमध्ये थोडा प्रशियन निळा घालते. दोघेही झटपट वाळणारे, आणि या मापाच्या मिशीला काळा की काळपट हे कोण बघतंय.

पुढच्या खेपेला ट्यूबमधला रंग थेट पॅलेटवर घेऊ नका. खाकी पुठ्ठ्याच्या तुकड्यावर वाटाण्याएवढा काढा आणि अर्धा-पाऊण तास विसरा. पुठ्ठ्यावर रंगाभोवती तेलाचं कडं उमटेल. तेवढं तेल कमी झालं, तेवढं वाळणं लवकर, आणि चमकही उतरते. मावळ्याचा अंगरखा रेशमी दिसून चालत नाही. थर इतका पातळ हवा की खालचं अॅक्रिलिक श्वास घेताना दिसलं पाहिजे. असा थर माझ्या डब्यात सकाळी ठेवला तर दुसऱ्या दिवशी संध्याकाळी हाताला लागत नाही. पांढऱ्याला त्यावर एक दिवस. तुमचे मावळे आधी दोन दिवस उजेडात, उघड्यावर राहू देत, मग डब्यात घाला. दिवाळी लांब आहे.

ताई, भाचीच्या लग्नाच्या रुखवतात मांडायला मी लाकडी बाहुल्यांची वरात रंगवली आहे, एकूण एकवीस. बहिणीला हौसेने ‘तेलरंगात करते’ म्हणून बसले. लग्न बारा दिवसांवर आलंय आणि नवरीचा शालू अजून ओला आहे. हेअर ड्रायर मारू का? — विलेपार्ले

हेअर ड्रायर नको. तो घरातली धूळ गोळा करून नेमकी शालूवर मारतो आणि वरची साय आवळून खालचा रंग तसाच ठेवतो. मग सुरकुत्या पडतात.

शालूचा लाल कुठला आहे? ट्यूबवर अॅलिझरिन किंवा क्रिमसन लिहिलं असेल तर तुमचं दुर्दैव, हा मंडळींतला सगळ्यात आळशी रंग. आणि शालूवर तुम्ही जरीकाम म्हणून उठावदार, जाड ठिपके दिले असणार (दिले असते मीही). जाड तेलरंग बारा दिवसांत वाळत नाही, कुठल्याही डब्यात वाळत नाही. वरून कोरडा होईल, आतून लोण्यासारखा. हॉलवर नेताना वर्तमानपत्रात गुंडाळलंत की बातम्या शालूवर छापल्या जातील.

तेव्हा आज रात्रीच जाड ठिपके टूथपिकने उचलून काढा. लाल रंग कोरड्या, सपाट ब्रशने ओढून ओढून पातळ करा, आणि वरच्यासारख्या डब्यात नवरी-नवरदेव, करवली आणि भटजी एवढेच घाला. त्यांच्याकडेच सगळे बघतात. बाकीचे सतरा हवेवर सोडा, वर जाळी. नवव्या दिवशी हलक्या बोटाने बघा. कोरडं वाटलं तर जरीकाम परत करा, पण आता अॅक्रिलिकच्या सोनेरीने, एकच बारीक रेघ. तेलावर अॅक्रिलिक कायमचं धरत नाही, काही वर्षांनी सुटतं. रुखवताला चालतंय, मांडामांड तीन तासांची असते. भाची बाहुल्या संसारात नेणार असेल तर वर्षभराने जरीकाम सोलून पुन्हा तेलरंगात करा.

आणि न्यायचं कसं ते आधीच ठरवा. बुटांच्या खोक्यात तळाला दोन बाजूंनी चिकटणारी टेप, बाहुल्या उभ्या, एकमेकींना न लागता. मिठाईच्या खोक्यात आडव्या नको.

काकू, मी नववीत आहे. माझ्याकडे ९ वॉटचा एलईडी आहे, तो पेटीत लावला तर चालेल का? आणि आमच्या मायक्रोवेव्हमध्ये एक मिनिट फिरवलं तर? आई नसताना. — भांडुप

आई नसताना हे दोन शब्द लिहिलेस म्हणून आधी मायक्रोवेव्ह. नाही. तुझ्या मूर्ती धातूच्या असतील तर ठिणग्या उडतील, प्लॅस्टिकच्या असतील तर कुठेतरी मऊ पडतील, आणि रंग तसाच राहील. शिवाय काही तेलरंगांत कॅडमियम असतं, ते जिथे वरणभात गरम होतो तिथे जायला नको. घरातला ओव्हनही त्याच कारणाने बाद.

एलईडीचं तू बरं विचारलंस. लोक म्हणतात तो ‘थंड’ असतो. तसं नाही. ९ वॉट आत गेले की शेवटी ९ वॉटचीच उष्णता होणार, कुठे जाईल ती? पण ती कमी. तेलाच्या डब्यात फार तर दोन-तीन अंश चढतील. झिरोचा तारेचा बल्ब मिळाला तर बघ. नाव झिरो, पण खातो पंधराएक वॉट. दोन झिरो लावलेस तर दहाएक अंश चढतात आणि पावसाळ्यात तेवढ्याने काम होतं. एलईडी मात्र फेकू नकोस. झिरो अंधूक असतो, त्याच्या जोडीला उजेडासाठी तो वरच्या बाजूला, काचेच्या बाहेर लाव. गरम डब्यात त्याचं आतलं सर्किट लवकर मरतं.

आणि तारा जोडायचं काम बाबांकडून किंवा वायरमनकडून. तू मावळे रंगव. वर काळाचौकीच्या काकांना लिहिलंय ते अर्थिंगचं तूही वाच, पुढे उपयोगी पडेल.

ताई, आमच्या ह्यांना निवृत्तीनंतर हा बारक्या सैनिकांचा नाद लागलाय. एका खोलीत दोन माणसं, एक टर्पेंटाइन. माझं डोकं दुखतं. शिवाय तेलाची फडकी बोळा करून ओट्याखालच्या पिशवीत कोंबतात. सांगा त्यांना. — डोंबिवली

भाऊ, हे तुमच्यासाठी.

डोकेदुखीचं नंतर, ती पिशवी आत्ता बाहेर काढा. वर मी म्हटलं की जवसाचं तेल प्राणवायू घेतं. घेताना ते तापतं. मावळ्यावरचा थर केसाएवढा, त्याची ऊब हवेत विरते. पण तेलात भिजलेल्या फडक्याचा बोळा केला की ऊब आतच साठते, तापल्याने तेल आणखी भराभर प्राणवायू घेतं, आणखी तापतं. काही तासांत बोळा आपोआप पेटू शकतो, काडी न लावता. आणि तुम्ही तो गॅसच्या खाली ठेवलाय! फडकी एकेक पसरून बाहेर दोरीवर वाळत घाला, रुमालासारखी, एकावर एक नाही. कडक झाली की कचऱ्यात. दोरीला जागा नसेल तर झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात पाणी भरून त्यात बुडवून ठेवा.

वासासाठी दोन गोष्टी. टर्पेंटाइन वाटीत ओतून ठेवू नका, औषधाच्या बाटलीच्या टोपणात थेंबभर घ्या आणि बाटली लगेच बंद. ब्रश धुवायला टर्पेंटाइन लागतच नाही. ब्रश आधी फडक्याला पुसा, मग खाण्याच्या साध्या करडई तेलात घोळवा, परत पुसा, मग भांडी घासायच्या साबणाने तळहातावर फिरवून धुवा. माझा एक शून्य नंबरचा ब्रश असा अकरा वर्षं चाललाय. आणि रंगवायला गॅलरीत बसा. वहिनींना खोलीत बसू दे.

वार्निश कधी मारायचं? — गोरेगाव

पातळ थराच्या मावळ्याला, पेटीतून काढल्यावर, मी तीन आठवडे थांबते. कापसाच्या काडीला टर्पेंटाइनचा थेंब लावून बुडाशी, दिसणार नाही अशा जागी हलकेच फिरवा. काडीला रंग आला तर आणखी दोन आठवडे. मॅट वार्निश स्प्रेचं असेल तर पाऊस नसलेल्या दुपारी मारा. दमट हवेत मारलंत तर वर दुधासारखा पांढुरका पापुद्रा येतो, आणि तो काढण्यापेक्षा मावळा नवा रंगवणं सोपं.